कापडी विमानांतली पोरं

गेल्या महिन्यात इथे आखातातच, मंगाफमधून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांना मराठी मंडळातल्या कुणीतरी दिला होता. नवऱ्याला जीबीएस झालाय, तुम्हाला झाला होता तोच नसांचा आजार, आयसीयूत मशीनवर आहे, डोळेसुद्धा उघडत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "त्यांना आपलं बोलणं ऐकू येत असेल का हो?"

येतं, मी म्हणालो. सगळं ऐकू येतं. तुम्ही बोलत राहा.

पण काय बोलू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला फोनवर नीट सांगता येईना. माझ्याशी माझी मुलगी काय बोलायची हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी लेखक नाही. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, आता इथे शुवैखमध्ये एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. बायको सुजाता मिरकाबला एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते, तिथंच जवळ जुन्या इमारतीत आम्ही राहतो. मुलगी ईशा तेव्हा अकरावीत होती. आजारपणातलं जसं आठवतंय तसं लिहितो.

पायातली चप्पल

आधी पोट बिघडलं होतं. उन्हाळ्यात इथे कुणाचं बिघडत नाही? चार दिवसांत ते बरं झालं आणि मी कामावर जायला लागलो. मग एका सकाळी घरात चालताना उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला ते कळलंच नाही. सुजातानं दाखवलं तेव्हा आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये शिडीच्या पहिल्याच पायरीवर पाय उचलेना. मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, पण झटकून जाईनात.

इस्माईलभाई आमचे जुने मेकॅनिक, श्रीवर्धनकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी लांबून माझं चालणं पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. उन्हामुळे झालं असेल, असं मी म्हणत होतो. ते म्हणाले, "भाऊ, ऊन माणसाला आडवं करतं, असं लंगडं नाही करत. गाडीत बस." पिकअपमध्ये चढताना त्यांना माझे पाय उचलून आत ठेवावे लागले.

हॉस्पिटलमध्ये इजिप्तचे एक डॉक्टर होते. त्यांनी गुडघ्यांवर हातोडीनं ठोकलं, तर पाय जागचे हलले नाहीत. पाठीत सुई घालून पाणी काढलं. संध्याकाळपर्यंत सुजाता ऑफिसातून आली आणि त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. तुमचं स्वतःचंच शरीर तुमच्या नसांवर उलटलंय, ते म्हणाले. हे पायांपासून वर चढतं. बहुतेक लोक बरे होतात, तुम्हीही व्हाल, इन्शाल्ला. पण बरे होण्याआधी जास्त बिघडाल. कुठपर्यंत चढेल ते आज मी सांगू शकत नाही.

त्या माणसाचे मी आजही आभार मानतो. पुढे जे जे झालं ते सगळं त्यानं आधी सांगितल्याप्रमाणे होतं, म्हणून मी वेडा झालो नाही.

त्या वेळी मात्र मी फक्त एक गोष्ट विचारली, उन्हाळ्याचं काम तुंबलंय, कधी सोडाल. डॉक्टरांनी सुजाताकडे पाहिलं आणि सुजातानं माझ्या पायांकडे.

आतून

ते वर चढलं. कमरेपर्यंत, मग हात, मग चेहरा. पाणी गिळता येईना. छाती दमायला लागली, तेव्हा त्यांनी नळी घातली आणि मशीन माझ्यासाठी श्वास घ्यायला लागलं. शेवटी पापण्याही गेल्या. नर्स डोळे उघडून त्यात मलम घालायची, पुन्हा मिटवून टेप लावायची. तेवढाच मला दिवसाचा उजेड.

लोकांना वाटतं असा माणूस झोपेत असतो. तसं नसतं. मला शुद्ध होती. कुशीवर वळवताना कान दुमडून उशीखाली राहिला की तो दुखत राहायचा आणि ते कुणाला सांगता यायचं नाही. नाकाला खाज सुटली तर ती आपोआप जाईपर्यंत वाट पाहायची. भीती वाटायची ती मरणाची कमी, मला विसरले जाण्याची जास्त. मशीनची नळी निसटली आणि कुणाचं लक्षच नसलं तर?

दया म्हणावी तर तीही छोट्या छोट्या गोष्टींत होती. लीना सिस्टर केरळची. ती मला हात लावण्याआधी दर वेळी हिंदीत सांगायची, भैया, अभी करवट बदल रही हूँ, अभी मुँह साफ करूँगी. बाकीचे मला सामानासारखं हलवायचे, ती विचारून हलवायची. तिची ड्यूटी कधी सुरू होते ते मला बुटांच्या आवाजावरून कळायचं.

सुजाता रोज संध्याकाळी यायची. एकदा माझ्या उशाशीच तिला गावाहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. त्याला मला रत्नागिरीला हलवायचं होतं. काय व्हायचं ते आपल्या माणसांत होऊ दे, असं तो म्हणत असावा. सुजाता शांतपणे म्हणाली, "दादा, मशीनवरचा माणूस विमानात घालायचा म्हणजे त्याला मारायचंच. हे इथेच बरे होतील. मी त्यांना चालत घेऊन येईन." तिनं फोन ठेवला. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "मी चुकत असेन तर मला माफ करा."

मला तेव्हा तिचा राग आला होता. मला घरी जायचं होतं. अंगणात मरायचं होतं, असं स्पष्टच लिहितो. ती बरोबर होती हे समजायला मला बरं व्हावं लागलं.

ईशाचा प्रोजेक्ट

ईशा सुरुवातीला यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची. ती आहे हे मला तिच्या श्वासावरून कळायचं. घरी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, तिच्या वर्गातल्या सगळ्या मराठी पोरांचं तसंच. लीना सिस्टरनं तिला एकदा सांगितलं, पप्पा से बात करो, वो सुनते हैं. ईशा म्हणाली, व्हॉट डू आय इव्हन से? आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "बाबा, माझा हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे ना, तो सांगते. बोअर झालास तरी तू पळू नाही शकत."

प्रोजेक्ट पहिल्या महायुद्धावर होता. वर्गातल्या बाकीच्यांनी खंदक, रणगाडे, तह असे विषय घेतले होते. हिनं घेतले होते त्या युद्धात लढाऊ विमानं उडवणारे हिंदुस्थानी वैमानिक. असे कुणी होते हेच मला ठाऊक नव्हतं. होते, पण अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेली विशी-बाविशीतली पोरं. तेव्हा हिंदुस्थानी माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीचा अधिकारी करत नसत. त्यामुळे हे अर्ज घेऊन जायचे आणि नकार घेऊन परत यायचे. पुन्हा जायचे. एकाला तर पायदळात चल म्हणाले, तर त्याला उडायचंच होतं.

ईशाचं मराठी अडखळायचं. "बाबा, ते प्लेन लाकडाचं होतं आणि वर कापड. साधं कापड. ओपन असायचं, वर छप्पर नाही. खूप थंडी. आणि पॅराशूट देतच नव्हते त्यांना." मग ती म्हणाली की इंजिनात एक तेल असायचं, ते उडून पायलटच्या तोंडावर यायचं, पोटात जायचं, आणि मग सगळे पायलट टॉयलेटला पळायचे. कॅस्टर ऑइल. "आई, कॅस्टर ऑइलला काय म्हणतात?"

"एरंडेल," सुजाता म्हणाली.

मला हसू फुटलं. म्हणजे आत फुटलं, बाहेर काहीच झालं नाही. लहानपणी शाळा सुरू होण्याआधी आई आम्हा भावंडांना रांगेत बसवून एरंडेल पाजायची. ढगांत लढणारी, डोळ्यांवर गॉगल चढवलेली ती शूर पोरं आणि त्यांच्या पोटात एरंडेल! माझ्या टेप लावलेल्या डोळ्यांतून पाणी आलं असावं, कारण ईशा घाबरून सिस्टरला हाक मारायला गेली. बाबांना दुखतंय, असं तिला वाटलं. किती दिवसांनी मी हसलो होतो ते तिला सांगायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती पोरं माझ्या खोलीत यायला लागली. त्यांत एक शीख होता. पगडी काढायची नाही म्हणून त्यानं पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलं होतं. एक बंगाली होता, सगळ्यांत लहान. डोळे अधू म्हणून त्याला पहिल्यांदा परत पाठवलं होतं, तर असं सांगतात की त्यानं आपली मोटरसायकल विकली, मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि भरती झाला. ईशाला तो फार आवडायचा. तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा होता.

एके दिवशी ती त्याच्याबद्दल सांगता सांगता थांबली. "नेक्स्ट पार्ट नको," ती आईला म्हणाली. सुजातानं विचारलं का, तर दोघी कुजबुजल्या. मग सुजाता म्हणाली, "सांग. त्यांना काही होत नाही."

तो मुलगा विमानासकट कोसळला होता. उचलून नेलं तेव्हा हालचाल नव्हती. मेला असं समजून त्याला प्रेतं ठेवायच्या खोलीत टाकलं आणि बाहेरून दार लावलं. तो तिथे शुद्धीवर आला. अंधार, आजूबाजूला मेलेली माणसं. त्यानं दारावर थापा मारायला सुरुवात केली. बाहेरचा माणूस इतका घाबरला की त्यानं दार उघडलंच नाही. दुसरं कुणी सोबतीला येईपर्यंत तो आत थापा मारत राहिला.

ईशाचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, "बाबा, तू पण काहीतरी कर ना. कसं पण. आम्ही लगेच उघडू."

मी त्या दिवशी सगळी ताकद लावली. कपाळ, ओठ, बोट, जिथून जाईल तिथून. काही झालं नाही. त्या पोराचे हात तरी चालत होते, असं मनात आलं आणि मला त्याचा हेवा वाटला. पण त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपलो. माझ्यासारखं आत अडकून पडलेला दुसरा कुणीतरी होता आणि तो बाहेर आला होता.

दोन अक्षरं

हा आजार जसा चढतो त्याच्या उलट उतरतो. आधी चेहरा सुटतो, पाय सगळ्यांत शेवटी. लीना सिस्टर एका सकाळी डोळ्यांत मलम घालत होती आणि तिचा हात थांबला. तिनं मला भुवया वर करायला सांगितलं. मी केल्या. तिला डावी भुवई हललेली दिसली. तिनं डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पुन्हा करायला लावली. मी दमेपर्यंत करून दाखवली.

मग बोलायचं कसं, हा प्रश्न आला. नळीमुळे आवाज नव्हता. हॉस्पिटलचा एक तक्ता होता, इंग्रजी आणि अरबी अक्षरांचा. सिस्टर अक्षरावर बोट ठेवणार, मी भुवई उचलणार. पण माझं इंग्रजी कामापुरतं, स्पेलिंगमध्ये मी अडकून पडायचो आणि थकून जायचो. सुजातानं घरी एका पुठ्ठ्यावर जाड पेननं मुळाक्षरं लिहून आणली. क ख ग घ ङ एक ओळ, च छ ज झ ञ दुसरी.

ईशाला वर्णमाला क्रमानं येत नव्हती. तिनं ती घरी पाठ केली. सुजातानं नंतर सांगितलं, बसमधून हॉस्पिटलला येतानाही ती पुटपुटत यायची.

त्या संध्याकाळी पुठ्ठा तिनंच धरला. माझे डोळे आता अर्धे उघडत होते. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं. प-च्या ओळीवर मी भुवई उचलली. प, फ, ब, भ, म. म-ला उचलली. "म," ती म्हणाली. मग पुन्हा पहिल्यापासून. क-ची ओळ. क, ख, ग.

"म, ग," तिनं वाचलं. "मग. मग म्हणजे देन. देन व्हॉट, बाबा?"

सुजाताला आधी समजलं. तिनं तोंडावर पदर धरला. "अगं, ते विचारतायत, मग पुढे काय झालं त्या मुलाचं."

ईशा माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं ऐकलं होतं, पहिल्या दिवसापासूनचं, एरंडेलापासूनचं, हे तिला त्या क्षणी कळलं. ती मोठ्यानं रडली, मला वाटतं सगळ्या आयसीयूला ऐकू गेलं असेल. नंतर नाक पुसून म्हणाली, "मग तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले तू आता उडू नको, अनफिट आहेस. तो बसून विमानांची चित्रं काढायचा आणि पुन्हा पुन्हा विचारायचा, मला उडू द्या. शेवटी दिलं. तो परत उडला, बाबा." आणि लगेच ती त्या शिखाकडे वळली. त्याच्या पायात लढाईत गोळ्या घुसल्या होत्या, त्यातल्या काही कधीच काढता आल्या नाहीत. त्या पायानं तो म्हातारा होईपर्यंत चालला, खेळला.

मला तेवढं पुरलं.

उभं राहणं

पुढचं सगळं सावकाश झालं. मशीन दिवसातून थोडा वेळ बंद करायचे, मग जास्त वेळ. नळी निघाली तेव्हा माझा पहिला शब्द घोगरा निघाला. सुजाताला हाक मारली, ती "ओ" म्हणाली. फिजिओथेरपीचा एक फिलिपिनो मुलगा दोन बारमध्ये मला उभा करायचा आणि मी पोत्यासारखा कोसळायचो. चमचा धरायला शिकलो. बटण लावणं सगळ्यांत कठीण, ते अजूनही वेळ घेतं.

चिडचिड खूप झाली. ज्यांना हा आजार आहे त्यांच्या घरच्यांना हे सांगून ठेवतो. बरं होताना माणूस आजारी असतानापेक्षा वाईट वागतो. मी सुजाताला वाटेल ते बोललो आहे. मला घरी सोडल्यावर एकदा तिनं जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. इस्माईलभाई त्या शुक्रवारी आले होते. ते मला काही बोलले नाहीत. तिला म्हणाले, बहिणी, तू आमच्याकडे जाऊन ये, बायकोनं जेवण केलंय, मी इथे बसतो. ती गेली, दोन घास खाऊन, थोडी झोपून आली. घरातल्या माणसाला असं कुणीतरी बाहेर काढायला हवं.

त्या काळात मला ती पोरं रोज आठवायची. मी शूर नव्हतो. मला पर्याय नव्हता, जे होईल ते सोसत पडून होतो. त्यांना पर्याय होता. कॉलेजात बसून राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. उलट त्यांना नकोच म्हणत होते. तरी कापडाच्या विमानात, पॅराशूटशिवाय, दुसऱ्यांच्या राज्याच्या युद्धात ती वर गेली, कारण आम्हालाही उडता येतं हे त्यांना दाखवायचं असेल, किंवा नुसतंच उडायचं असेल. मी मशीनं दुरुस्त करणारा माणूस. तसलं इंजिन आणि तसली काठ्यांची बांधणी असलेल्या यंत्रात मी कुणाला बसू दिलं नसतं.

शाळेचं प्रदर्शन

हिवाळ्यात ईशाच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं. तोपर्यंत मी वॉकर घेऊन चालत होतो, पायांना आधाराच्या पट्ट्या लावून. हॉलमध्ये पहिल्या रांगेच्या कडेला बसलो. ईशा स्टेजवर गेली आणि इंग्रजीत फार सुरेख बोलली. मागे पडद्यावर ती विमानं दिसत होती. मला वाटलं होतं त्याहूनही लहान आणि हडकुळी.

बंगाली मुलावर ती आली तेव्हा मी पुढे सरकून बसलो. दाराची गोष्ट तिनं सांगितली. मग ती म्हणाली की तो परत उडायला लागला, त्यानं शत्रूची विमानामागून विमानं पाडली आणि काही आठवड्यांतच तो स्वतः पाडला गेला. वीस वर्षांचाही झाला नव्हता.

मला हे माहीत नव्हतं. इतके महिने माझ्या डोक्यात तो म्हातारा होऊन कलकत्त्याला आरामखुर्चीत बसला होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला विचारलं, हे तू मला का नाही सांगितलंस. ती चपापली. तिनं आईकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे.

"तुझ्या गळ्यात नळी होती, बाबा. तू विचारलंस. मी काय सांगणार होते?"

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मी वॉकरवर हात ठेवून उभा राहिलो. सोळा वर्षांची पोर रोज संध्याकाळी माझ्या उशाशी बसून त्या मुलाला जिवंत ठेवत होती. शेवट ठाऊक असून त्याच्या अलीकडेच थांबत होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि तो मुलगा मला आता पहिल्यापेक्षा मोठा वाटायला लागला. तो वाचला म्हणून मी त्याला मानत होतो. खरं तर त्या खोलीतून बाहेर आल्यावर, सगळं माहीत असून, तो परत वर गेला होता.

रागावलास का, ईशानं विचारलं. मी नाही म्हणालो. म्हणालो, मी आता बरा आहे, आता मला सगळं सांगितलंस तरी चालेल.

गाडीत बसताना मी पाय हातानं उचलून आत घेतला. सुजाता दार धरून उभी राहिली, तिनं मदत केली नाही, तशी आमची बोली झाली होती. ईशा मागच्या सीटवरून पुढे वाकून बसली आणि तिनं त्याचं शेवटचं उड्डाण सांगायला सुरुवात केली, मराठीत, कुठेही न अडखळता. मिरकाबला इमारतीखाली गाडी थांबली तरी तिचं संपलं नव्हतं. सुजातानं इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं तसेच ऐकत बसून राहिलो.